केमोनंतरच्या उलट्या होण्याआधीच कशा थांबवाव्यात? दुसऱ्या डोसपूर्वी मार्गदर्शन हवे आहे

मेघना_वाई
नमस्कार. माझ्या सासूबाईंना (वय ५८) स्तनाचा कर्करोग झाला असून शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी सुरू झाली आहे. दर २१ दिवसांनी एक, असे त्या लाल औषधाचे चार डोस द्यायचे आहेत आणि त्यापुढे दुसरे औषध आहे. पहिला डोस पुण्यात झाला. त्या दिवशी काहीही त्रास झाला नाही. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी वरणभात खाल्ला, टीव्हीवर बातम्या पाहिल्या आणि आम्हाला वाटले, आपण उगाच घाबरलो होतो.

घरी घ्यायच्या गोळ्या दिल्या होत्या, पण औषधाच्या दुकानातून त्या ज्या पाकिटात मिळाल्या त्यावर 'उलटी झाल्यास' असे लिहिलेले होते. उलटी होत नव्हती, म्हणून आईंनीच सांगितले की आधीच इतकी औषधे पोटात गेली आहेत, ही राहू देत. तिसऱ्या दिवशी पहाटे शेजारच्या घरातून लसणाच्या फोडणीचा वास आला आणि त्यांना उमासे सुरू झाले. संध्याकाळपर्यंत नऊ वेळा उलटी झाली. शेवटी पोटात काही उरले नव्हते, तरी कोरडे उमासे थांबेनात. रात्री जवळच्या दवाखान्यात नेऊन सलाईन लावावे लागले. नंतर रुग्णालयाचा डिस्चार्जचा कागद नीट वाचला, तर त्यावर त्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ तीन दिवस घ्यायच्या, असे स्पष्ट लिहिले होते.

पुढच्या गुरुवारी दुसरा डोस आहे. आई म्हणतात, "गाठ परवडली, पण ते ओकणं नको." हे ऐकून काळजात धस्स झाले. ज्यांनी स्वतः किंवा घरातल्या कोणी हे अनुभवले आहे, त्यांनी दुसऱ्या डोसआधी काय केले? डॉक्टरांना नेमके काय विचारावे?

सुहास_परळ
मेघनाताई, आपण जे लिहिले आहे ते आमच्या घरी जसेच्या तसे घडले आहे. वडिलांना घशाच्या कर्करोगासाठी रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध दिले जात होते. पहिली रात्र शांत गेली की घरची माणसे सैल होतात, आणि खरा त्रास दुसऱ्या ते पाचव्या दिवसात उभा राहतो. आम्ही दुसऱ्या डोसपासून गोळ्यांची वेळ मोबाईलच्या गजरावर लावली आणि उलटी होवो न होवो, वेळ झाली की गोळी द्यायची, असे ठरवले. त्यानंतर सलाईन लावण्याची वेळ आली नाही.

डॉ_मृद्गंध
मी कर्करोगतज्ज्ञ आहे. रुग्णाला न पाहता औषध सुचवणे योग्य नाही, म्हणून फक्त यामागची यंत्रणा सांगतो. ती समजली की गोळ्या वेळेवर घेण्याचे महत्त्व आपोआप पटते.

केमोचे औषध आतड्याच्या आतल्या आवरणातील विशिष्ट पेशींना इजा करते आणि त्या पेशींतून सिरोटोनिन हे द्रव्य बाहेर पडते. त्याचा निरोप व्हेगस नावाच्या मज्जातंतूवाटे मेंदूकडे जातो आणि उलटी होते. पहिल्या २४ तासांतला त्रास मुख्यतः या मार्गाने होतो, आणि ऑन्डानसेट्रॉन, ग्रॅनिसेट्रॉन, पॅलोनोसेट्रॉन ही औषधे तोच मार्ग अडवतात. सलाईनमधून ही औषधे आधीच दिलेली असतात, म्हणून पहिली संध्याकाळ चांगली जाते. २४ तासांनंतरचा, म्हणजे साधारण पाचव्या दिवसापर्यंतचा त्रास मात्र प्रामुख्याने मेंदूतल्या 'सबस्टन्स पी' या वेगळ्या द्रव्यामुळे होतो. त्याला रोखण्यासाठी अप्रेपिटंट किंवा त्याच गटातले दुसरे औषध लागते, आणि सोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिले जाते. थोडक्यात, पहिल्या दिवशी बंद केलेले दार आणि तिसऱ्या दिवशी उघडणारे दार ही दोन वेगळी दारे आहेत.

प्रत्येक केमो सारखीच ओकारी आणणारी नसते. प्रतिबंधक औषध दिले नाही तर ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांना उलट्या होतील, अशा औषधांना आम्ही 'अतिजोखमीची' म्हणतो. सिस्प्लॅटिन त्यात येते, आणि आपल्या सासूबाईंचे लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फामाइडबरोबर दिले जात असेल, तर ती जोडीही त्यातच येते. याउलट १० टक्क्यांहून कमी रुग्णांना उलट्या होतील, अशीही औषधे आहेत आणि त्यांना सरसकट प्रतिबंधक औषधांची गरज नसते. म्हणून शेजारणीला त्रास झाला नाही, मग आपल्याला का झाला, या तुलनेला अर्थ नाही.

मेघनाताई, तीन गोष्टी आठवून सांगा. सासूबाईंना गरोदरपणात खूप उलट्या झाल्या होत्या का? गाडी लागते का? आणि पहिल्या वेळी अप्रेपिटंटच्या कॅप्सूल दिल्या होत्या का? स्त्री असणे, वय कमी असणे, गाडी लागणे आणि डोहाळ्यांत फार उलट्या झालेल्या असणे, या गोष्टींमुळे धोका वाढतो, आणि डोस सुरू करण्याआधी हे डॉक्टरांना माहीत असणे फार उपयोगाचे ठरते.

मेघना_वाई
डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. गाडी तर इतकी लागते, की खंबाटकी घाटात गाडी थांबवावीच लागते. धाकट्या दिरांच्या वेळी त्या पाच महिने अंथरुणाला खिळून होत्या, असे मामंजी सांगतात. हे आम्हाला कोणी विचारले नव्हते आणि आम्हीही सांगितले नव्हते. कॅप्सूलचा डबा शोधते.

दर्यावर्दी
माझे मत थोडे वेगळे आहे, ते नम्रपणे मांडतो. आधीच केमोचे विष शरीरात जात असताना त्यावर आणखी चार-पाच गोळ्यांचा मारा कशाला? आमच्या मालवणच्या घरी आईला आल्याचा रस मधातून, आवळकाठी आणि कोकम सरबत यांवर ठेवले होते आणि तिला फारसा त्रास झाला नाही. आपल्या घरात असलेले उपाय आधी करून पाहावेत.

आसावरी_१९७१
दर्यावर्दीदादा, आपल्या आईंना त्रास झाला नाही याचा आनंदच आहे, पण त्यांना कोणती केमो होती हे कळल्याशिवाय हा सल्ला दुसऱ्या रुग्णाला देऊ नये, असे मला वाटते.

मी स्वतः हे चार लाल डोस घेतलेले आहेत. नर्स ते औषध मोठ्या सिरिंजने हाताच्या नसेतून हळूहळू देत असे. डोळ्यांसमोर तो गडद लाल रंग आणि नंतर लघवीलाही तांबूस रंग. दुसऱ्या डोसनंतर माझ्या जाऊबाईंनी प्रेमाने काचेच्या पेल्यात कोकम सरबत आणले. रंग पाहताक्षणी, पेला ओठांना लागण्याआधीच, मला उलटी झाली. त्या बिचाऱ्या रडवेल्या झाल्या. कोकम मला जन्मापासून आवडत होते. उपचार संपून सहा वर्षे झाली, तरी आजही लग्नात कोणी तो पेला पुढे केला की पोटात ढवळते.

म्हणून मेघनाताई, माझे कळकळीचे सांगणे आहे, की केमोच्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस आईंना त्यांच्या आवडीचे पदार्थ मुळीच देऊ नका. पुरणपोळी, आमरस, जे काय त्यांच्या जिवाभावाचे असेल, ते डोसच्या तिसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवा. त्या दिवसांत साधा मऊ भात, साळीच्या लाह्या, खाकरा, भाताची पेज असेच काही द्या, म्हणजे एखाद्या पदार्थावरून मन उडाले तरी हळहळ वाटणार नाही.

डॉ_मृद्गंध
आसावरीताईंनी सांगितलेली गोष्ट शास्त्राला धरून आहे. इलीन बर्नस्टीन या संशोधिकेने १९७८ साली केमो घेणाऱ्या मुलांना उपचाराआधी वेगळ्या चवीचे आइस्क्रीम दिले होते, आणि नंतर ती मुले नेमके तेच आइस्क्रीम टाळू लागली, असे दिसले. पदार्थाचा काही दोष नसतो, मेंदू दोन गोष्टींची गाठ बांधतो. हीच गाठ रुग्णालयाच्या वासाशी, केमो देतात त्या डे-केअर वॉर्डातल्या खुर्चीशी बांधली गेली, तर औषध देण्याआधीच उलटी सुरू होते, आणि एकदा तसे झाले की नेहमीच्या गोळ्या तिथे फारशा चालत नाहीत. मग मन शांत करणारे लोराझेपाम, स्नायू क्रमाक्रमाने सैल सोडण्याचा सराव, असे उपाय करावे लागतात. ती सवय लागू न देण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे सुरुवातीच्या डोसनाच उलटी होऊ न देणे. मेघनाताईंच्या सासूबाईंचा एकच डोस झाला आहे, म्हणून हा गुरुवार मला फार महत्त्वाचा वाटतो.

आल्याबद्दल. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५७६ रुग्णांमध्ये अर्धा ते एक ग्रॅम आल्याच्या कॅप्सूलमुळे पहिल्या दिवसाची मळमळ कमी झालेली दिसली. पण त्या सर्व रुग्णांना उलटीरोधक औषधेही दिलेली होती. सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांवरील नंतरच्या एका अभ्यासात तसा फायदा आढळला नाही. तेव्हा चहात आल्याचा तुकडा अवश्य घाला, पण गोळीच्या जागी आले देऊ नका. प्लेटलेट कमी असतील किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर आल्याचे अर्क आणि कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

दर्यावर्दी
आईला कोणती केमो होती, याची भावाकडे चौकशी केली. तिला दर आठवड्याला कमी मात्रेचे पॅक्लिटॅक्सेल होते. त्या औषधाने उलट्या मुळातच कमी होतात, असे आता समजले. माझा आधीचा प्रतिसाद मागे घेतो.

जनार्दन_काका
या धाग्यावर एक जुनी आठवण सांगणे मला आवश्यक वाटते. १९८६ साली माझ्या मावशीला सिस्प्लॅटिन दिले होते. परळला उपचार आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम. डोसच्या रात्री मी तिच्या उशाशी पितळी घंगाळे घेऊन बसत असे. रात्रीतून पंधरा-वीस वेळा उलटी व्हायची, पहाटे ती भिंतीला डोके टेकवून बसलेली असायची आणि मी घंगाळे विसळून आणले की म्हणायची, "जना, तू तरी झोप." तिसऱ्या डोसनंतर ती गावी निघून गेली आणि परत आलीच नाही. कर्करोगाला ती घाबरली नव्हती. ऑन्डानसेट्रॉन अमेरिकेत १९९१ साली मंजूर झाले आणि आपल्याकडे त्यानंतर आले. मावशीला ते मिळाले असते तर तिने उपचार पूर्ण केले असते, असे आजही वाटत राहते. म्हणून पाकिटावर काहीतरी चुकीचे लिहिले गेले आणि हाताशी असलेली गोळी पोटात गेली नाही, हे वाचून मला फार वाईट वाटले. मेघना, तुझ्या सासूबाईंना हे वाचून दाखव.

सिस्टर_नलिनी
मी डे-केअर वॉर्डात अकरा वर्षे काम करते. रुग्ण घरी जाताना माझ्या डोळ्यांसमोर जे चुकते, ते लिहिते.

डेक्सामेथासोनची गोळी सकाळी नाश्ता झाल्यावर घ्यावी. ती संध्याकाळी उशिरा घेतली तर रात्रभर झोप लागत नाही, आणि न झोपलेल्या माणसाची मळमळ दुसऱ्या दिवशी दुप्पट होते. अप्रेपिटंटची कॅप्सूल पहिल्या दिवशी १२५ मिलिग्रॅमची आणि पुढचे दोन दिवस ८० ची असते, आणि पहिली कॅप्सूल केमोच्या साधारण तासभर आधी पोटात जायला हवी. पुष्कळ जण ती पाकीटबंद तशीच घेऊन येतात आणि सलाईन सुरू झाल्यावर विचारतात, "सिस्टर, ही कधी घ्यायची?" गोळी घेतल्यावर लगेच उलटीतून बाहेर पडली, तर परत घ्यायची की नाही, हे घरी ठरवू नका, वॉर्डाला फोन करा. गिळवत नसेल त्यांच्यासाठी जिभेवर विरघळणारी ऑन्डानसेट्रॉनची गोळी मिळते, ती मागून घ्या.

दुसरे म्हणजे रुग्ण खरे बोलत नाहीत. डॉक्टरांनी "उलटी झाली का?" असे विचारले की "नाही" म्हणतात, कारण उलटी खरोखरच झालेली नसते. पण पाच दिवस अन्नाकडे पाहवत नव्हते, पाणीसुद्धा नको वाटत होते, हे सांगत नाहीत. विशेषतः बायका सांगत नाहीत. मळमळ वेगळी आणि उलटी वेगळी. एका साध्या वहीत रोजची मळमळ शून्य ते दहा अशी लिहा, किती घास गेले, लघवी किती वेळा झाली, शौचाला झाले का, हे लिहा, आणि ती वही पुढच्या वेळी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.

२४ तास पाणीही टिकत नसेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

सुहास_परळ
सिस्टर, शौचाचा उल्लेख आपण केलात, त्यावरून आठवले. वडिलांना तिसऱ्या डोसनंतर सहाव्या दिवशी पुन्हा मळमळ सुरू झाली. आम्ही आणखी ऑन्डानसेट्रॉन देत राहिलो. प्रत्यक्षात त्याच गोळीमुळे त्यांना चार दिवस शौचाला झाले नव्हते, आणि मळमळ त्यामुळेच होती. सौम्य रेचक दिल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून मेतकूट-भात मागितला. शिवाय त्यांना मधुमेह असल्याने डेक्सामेथासोनच्या दिवसांत साखर ३०० च्या वर जाई. ज्यांच्या घरी मधुमेह आहे, त्यांनी त्या तीन-चार दिवसांत ग्लुकोमीटरने साखर तपासावी आणि इन्सुलिनचे आधीच विचारून ठेवावे.

पैलतीर_न्यूजर्सी
माझ्या आईला इचलकरंजीत ओलान्झपिन लिहून दिले आहे. दुकानदाराने भावाला विचारले, "घरात कोणी मानसिक रुग्ण आहे का?" आईने ते ऐकले आणि आता ती गोळी घ्यायला तयार नाही. मी इथून फोनवर समजावतो आहे, पण मलाही शंका आहे. मनोविकाराचे औषध उलटीसाठी का देतात?

डॉ_मृद्गंध
प्रश्न अगदी रास्त आहे. ओलान्झपिन मूळचे मनोविकारांचे औषध आहे, हे खरे. परंतु ते मेंदूतले डोपामिन, सिरोटोनिन आणि इतर काही असे अनेक मार्ग एकाच वेळी अडवते, आणि म्हणून मळमळीवर विशेष चालते. २०१६ साली अमेरिकेत ३८० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात नेहमीच्या तीन औषधांना ओलान्झपिनची जोड दिल्यावर पाच दिवसांत अजिबात मळमळ न झालेल्यांचे प्रमाण २२ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर गेले. या आकड्याची दुसरी बाजूही मी रुग्णांना प्रामाणिकपणे सांगतो. चारही औषधे देऊन बहुतेकांना थोडीफार मळमळ राहतेच. उलटी थांबवणे आता पुष्कळ जमते, मळमळ अजून पुरती हाती आलेली नाही.

त्या अभ्यासात मात्रा १० मिलिग्रॅम होती आणि तिने फार गुंगी येते. आपल्याकडच्या सडपातळ बांध्याच्या रुग्णांना तर दिवसभर उठवत नाही. या बाबतीत मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरने केलेले काम मला फार मोलाचे वाटते. तिथे १० मिलिग्रॅमची तुलना केवळ २.५ मिलिग्रॅमशी केली गेली. २०२४ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त तो अभ्यास प्रसिद्ध झाला. उलट्यांवरचे नियंत्रण दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले आणि दिवसाची गुंगी लहान मात्रेत स्पष्टपणे कमी होती. गोळी स्वस्त आहे आणि काही दिवसच घ्यायची असते. आईंना सांगा, की ही गोळी रात्री झोपताना घ्यायची आहे, तिने भूकही थोडी वाढते, आणि तिचा त्यांच्या मनाच्या आरोग्याशी काही संबंध नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. ओलान्झपिन चालू असताना दुकानातून मेटोक्लोप्रमाइड या उलटीवरच्या दुसऱ्या औषधाची गोळी किंवा इंजेक्शन परस्पर घेऊ नका. दोन्ही औषधे डोपामिनवरच काम करतात आणि एकत्र आली तर मान-जबडा आखडणे, अंग ताठणे असे त्रास होण्याचा धोका वाढतो. दवाखान्यात न्यावे लागले तर चालू औषधांचा कागद बरोबर असू द्या.

पैलतीर_न्यूजर्सी
खूप धन्यवाद. हा प्रतिसाद आजच मोठ्या अक्षरांत छापून भावाकडून आईला देतो.

कृष्णाकाठची_सई
प्रवासाबद्दल कोणी सांगू शकेल का? केमोनंतर कराडपर्यंत एसटीने परतताना बाबांना वाटेतच त्रास होतो.

आसावरी_१९७१
सईताई, गाडी लागण्याचा धोका असलेल्यांनी शक्य असेल तर ती एक रात्र शहरातच काढावी, आम्ही तसेच केले. जमत नसेल तर पुढची, खिडकीची जागा धरावी, मोबाईलमध्ये पाहू नये, उपाशी बसू नये आणि जेवून लगेच निघूही नये. थंड पदार्थांना वास कमी येतो, त्यामुळे डब्यात गरम भाजीऐवजी घरी केलेला गार दहीभात मला चालत असे. मात्र तो त्याच दिवशी, स्वच्छ डब्यात भरलेला असावा, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना बाहेरचे आणि शिळे अन्न धोक्याचे असते.

मेघना_वाई
काल दुसऱ्या डोसचा सहावा दिवस होता, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

गुरुवारी डॉक्टरांना गाडी लागण्याचे आणि गरोदरपणाचे सगळे सांगितले. पहिल्या वेळी अप्रेपिटंट लिहिलेले होते, पण महाग म्हणून घरी ते घेतलेच नव्हते, हे आईंनी तेव्हा प्रथमच कबूल केले. तीन कॅप्सूलचे पैसे वाचवले होते आणि त्याच्या कितीतरी पट सलाईनला गेले. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी कॅप्सूल पुन्हा लिहून दिल्या आणि रात्रीसाठी ओलान्झपिन ५ मिलिग्रॅम जोडले. मी प्रत्येक पाकिटावर स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरांत वार आणि वेळ लिहिली आणि 'उलटी नसली तरी घेणे' असे लाल शाईने लिहिले. नंतर आसावरीताईंचे आठवले आणि लाल खोडून निळ्या शाईने लिहिले.

स्वयंपाक पाच दिवस मागच्या पडवीत शेगडीवर केला. फोडणीचे पदार्थ बंद ठेवले आणि शेजारच्या काकूंनाही सांगून आले. त्यांनी आपणहून सकाळी त्या बाजूची खिडकी लावून घेतली.

पाच दिवसांत उलटी एकदाच झाली, चौथ्या दिवशी, ब्रश करताना. मळमळ तिसऱ्या दिवशी वहीत ६ आहे, बाकी दिवस २ किंवा ३. दुसऱ्या दिवशी उचक्या लागल्या, त्या डेक्सामेथासोनमुळे असू शकतात, असे सिस्टरांनी फोनवर सांगितले. मात्र पहिले तीन दिवस आई दुपारी दोन वाजेपर्यंत उठतच नव्हत्या, जेवताना हातात घास तसाच राहून डोळे मिटत होते. टाटाच्या अभ्यासाबद्दल आमच्या डॉक्टरांना विचारले. त्यांना तो माहीत होता आणि पुढच्या डोसला मात्रा २.५ वर आणू, असे ते म्हणाले.

काल संध्याकाळी आईंनी स्वतः उठून देवापाशी दिवा लावला आणि मला विचारले, "तिसरा डोस कोणत्या तारखेला म्हणालीस?"

जनार्दन_काका
वाचून डोळे भरून आले. सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

सिस्टर_नलिनी
मेघनाताई, वहीत आता आणखी एक रकाना करा, दिवसा किती तास जाग होती त्याचा. मात्रा कमी केल्यावर मळमळ वाढते का आणि जाग किती सुधारते, हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दिसले, तर चौथ्या डोसचा निर्णय घेणे डॉक्टरांना सोपे जाईल. ब्रशसाठी लहान मुलांचा मऊ ब्रश आणि वास नसलेली पेस्ट वापरून पाहा. जीभ घासताना ब्रश फार मागे नेऊ नका.